संगणकाची स्मृती आणि कामगाराचा हात



गोदाकाठी भरणाऱ्या या व्याख्यानमालेत मोठमोठ्या विद्वानांनी व्याख्याने दिली आहेत. तेथे उभे राहून संगणकासारख्या विषयावर बोलण्याचा तुमचा अधिकार काय, असे मला कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच होईल. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. माझे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेण्यात, मागण्यांचे मसुदे लिहिण्यात आणि कामावरून काढलेल्या माणसांचे अर्ज करण्यात गेले. वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून, आणि तेही गरज पडली तेव्हा. आजच्या विषयाचीही मला अशीच गरज पडली.

चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या युनियनच्या कचेरीतला संगणक एके सकाळी सुरूच होईना. पडदा काळा, आणि पेटीतून थांबून थांबून एक लांब आवाज. काही कंत्राटी कामगारांची केस दोन दिवसांवर आली होती आणि तिचे सारे कागद त्या यंत्रात होते. यंत्र एका दुकानात नेले. दुकानदाराने झाकणही न काढता सांगितले, "बोर्ड गेला आहे, नवीन घ्या." त्याने सांगितलेली किंमत आमच्या वर्षाच्या वर्गणीला मोठे भगदाड पाडणारी होती. तोंड पाडून परत आलो. संध्याकाळी आमच्या एका सभासदाचा आयटीआयत शिकणारा मुलगा वडिलांना डबा द्यायला आला. त्याने आवाज ऐकला आणि म्हणाला, "काका, बोर्ड नाही गेला, रॅम बसली नाहीये नीट." त्याने झाकण काढले, वीतभरापेक्षा लहान अशी एक पट्टी उपसली, तिच्या कडेचे सोनेरी पट्टे शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने घासले, भुगा झटकला, आणि पट्टी पुन्हा दाबून बसवली. दोन्ही टोकांना कट् असा आवाज झाला. यंत्र सुरू झाले.

मला आनंद झाला हे सांगायला नको. पण त्याहून अधिक वाटली ती शरम. यंत्र आणि माणूस या विषयावर मी पंचवीस वर्षे भाषणे करीत आलो होतो, आणि माझ्याच मेजावरच्या यंत्राच्या पोटात काय आहे हे मला ठाऊक नव्हते. त्या शरमेपोटी मी जे वाचले, विचारले आणि हाताने करून पाहिले, त्यातून आजचे व्याख्यान तयार झाले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमचे कागद मुळी गेलेच नव्हते. संगणकात दोन प्रकारच्या जागा असतात. एक कपाट आणि दुसरे मेज. कपाट म्हणजे डिस्क. तेथे कागद वर्षानुवर्षे पडून राहतात. काम करावयाचे तर कारकून कपाटातला कागद मेजावर काढतो. ते मेज म्हणजे स्मृती, किंवा आज ज्याला लहान मूलही रॅम म्हणते ती. मेजच नसेल तर कपाट भरलेले असूनही कारकुनाला हातावर हात ठेवून बसावे लागते. आमच्या यंत्राचे तेच झाले होते.

आता हे मेज आले कोठून? भारतातला पहिला अंकीय संगणक कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ मध्ये इंग्लंडहून आला. त्याची स्मृती म्हणजे फिरणारे चुंबकीय पिंप होते. हवा तो शब्द पिंप फिरून समोर येईपर्यंत यंत्राला वाट पाहावी लागे. त्याच सुमारास आपल्या मुंबईत, कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, डॉ. होमी भाभांच्या प्रोत्साहनाने आणि आर. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली काही तरुण मंडळी स्वतःच संगणक बांधावयाच्या उद्योगाला लागली होती. यातल्या बहुतेकांनी तोपर्यंत संगणक वापरलेलाही नव्हता. १९५६ मध्ये त्यांचे नमुन्याचे लहान यंत्र चालू झाले आणि १९६० मध्ये पूर्ण यंत्र कामाला लागले. १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले.

टिफ्रॅकची स्मृती पिंपाची नव्हती; ती फेराइट या चुंबकीय द्रव्याच्या बारीक कड्यांची होती. तीत २,०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० अंकांचा. एका कडीत एकच अंक, शून्य किंवा एक. म्हणजे 'नाही' किंवा 'होय'. गुणाकार केला तर कड्या होतात ८१,९२०. टाचणीच्या डोक्याच्या आसपासच्या मापाच्या या कड्या, आणि प्रत्येक कडीतून आरपार ओवलेल्या तारा. काही तारा उभ्या, काही आडव्या. उभ्या तारेतून अर्धा प्रवाह सोडावयाचा आणि आडव्या तारेतून अर्धा. जेथे दोन्ही भेटतात ती एकच कडी आपले चुंबकत्व पालटते. इतर कड्या अर्ध्या धक्क्याने जागच्या हलत नाहीत. एकट्याने न होणारे काम दोघांच्या एकीने होते, हा युनियनचा धडा या कड्यांना उपजतच कळला होता म्हणावयाचा!

या स्मृतीला एक खोड होती आणि एक गुण होता. खोड अशी की कडी वाचली की तिच्यातले पुसले जाई. म्हणून वाचल्याबरोबर ते पुन्हा लिहून ठेवावे लागे. गुण असा की वीज गेली तरी कडीतले चुंबकत्व टिकून राही.

ही युक्ती ज्यांच्या नावावर आहे त्यांत दोन नावे मोठी. शांघायला जन्मलेला आणि अमेरिकेत स्थायिक झालेला आन वांग हा एक. चुंबकीय कडीत अंक साठवून वाचावयाचा मार्ग त्याने १९४९ मध्ये हार्वर्डला काढला. दुसरा जे फॉरेस्टर. त्याने उभ्या-आडव्या तारांचे जाळे करून १९५३ मध्ये एमआयटीच्या 'व्हर्लविंड' या यंत्रात ते चालवून दाखवले. पुस्तकांत ही नावे मिळतात. पण हजारो कड्यांतून केसासारखी तार ओवण्याचे काम फॉरेस्टर करीत नव्हता आणि वांगही करीत नव्हता. ते काम प्रामुख्याने कारखान्यातल्या बायका करीत, भिंगाखाली, सुईने, एकेक कडी मोजून.

आपल्या जिल्ह्यात येवल्याला ज्याने पैठणी विणताना पाहिली असेल त्याला हे चित्र डोळ्यांसमोर आणावयाला कष्ट पडणार नाहीत. उभे धागे ताणलेले, आडवा धागा हाताने फिरवावयाचा, आणि पदरावरच्या मोराच्या डोळ्यात एक धागा चुकला तर तेवढे उसवून पुन्हा विणावयाचे. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अपोलो यानाच्या संगणकाचा कार्यक्रम असाच विणलेला होता. अमेरिकेत वॉल्टहॅम येथे रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायकांनी तारा ओवल्या. तार कडीतून गेली तर एक, कडीच्या बाहेरून गेली तर शून्य. तेथील इंजिनियर मंडळी थट्टेने तिला 'म्हाताऱ्या बायकांची स्मृती' म्हणत. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या दोघांची नावे सर्वांना पाठ आहेत. ज्यांच्या ओवणीत एक तार चुकती तर हिशेब चुकता, त्यांना मात्र थट्टेतले टोपणनाव मिळाले.

कड्यांच्या स्मृतीत बिघाड झाला तर तो शोधता येई. यंत्र कोणत्या जागी चुकते हे पाहिले की कोणते जाळे, कोणती उभी तार, कोणती आडवी तार हे कळे, आणि शेवटी एका तुटलेल्या सांध्यावर किंवा तडकलेल्या कडीवर बोट ठेवता येई. दोष डोळ्यांना दिसत असे. पुढच्या इतिहासात हेच हळूहळू नाहीसे होत गेले, म्हणून ते लक्षात ठेवावयाचे.

याच काळात आपल्याकडे संगणकाविरुद्ध कामगारांचा लढा उभा राहिला. साठीच्या दशकात आयुर्विमा महामंडळाने संगणक बसवावयाचे ठरवले तेव्हा कलकत्त्याच्या विमा कर्मचाऱ्यांनी यंत्र आत येऊ नये म्हणून इमारतीवर रात्रंदिवस पहारा ठेवला. सरकारने १९६९ मध्ये स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपले पुण्याचे प्राध्यापक वि. म. दांडेकर होते आणि तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. पुढे १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेने बँकांशी यंत्रीकरणाचा करार केला. या लढ्यांना आज अनेकजण हसतात. मी हसणार नाही. 'या यंत्रामुळे किती माणसे कामावरून जातील' हा प्रश्न त्या वेळी बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. परंतु आमच्या चळवळीने दुसरा प्रश्न पुरेशा जोराने विचारला नाही. यंत्र आलेच तर ते उघडता कोणाला येणार, दुरुस्त कोणाला करता येणार, त्याचे ज्ञान कोणाच्या हाती राहणार? या दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत मी त्या दुकानदाराच्या दारात मोजत होतो.

आता पुढची पायरी. १९६६ मध्ये आयबीएम कंपनीतल्या रॉबर्ट डेनार्ड याला अशी कल्पना सुचली की एका अंकासाठी एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा एक बारीकसा साठा पुरे. १९६८ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले. १९७० मध्ये इंटेल कंपनीची '११०३' ही चकती बाजारात आली. तिच्या एका तुकड्यात १,०२४ अंक मावत. ओवणारे हात मागे पडले. थोड्याच वर्षांत कड्यांचे जाळे संग्रहालयात जाऊन बसले. पण डेनार्डचा हा साठा म्हणजे गळका घडा आहे. भरून ठेवला की झिरपू लागतो. म्हणून आजच्या रॅममध्ये प्रत्येक घडा सेकंदाला निदान पंधरा वेळा पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणारा गेला, आणि सारे घडे रिकामे. भारनियमनाच्या दिवसांत अर्धा लिहिलेला अर्ज ज्यांनी गमावला आहे, त्यांना याचा अनुभव आहेच.

या नव्या स्मृतीतले दोषही डोळ्यांना न दिसणारे निघाले. सत्तरीच्या दशकात इंटेलच्या चकत्या मधूनच एखादा अंक चुकवीत, आणि पुन्हा तपासावे तो सारे ठीक! टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी १९७८ मध्ये कारण दाखवून दिले. चकतीवरच्या चिनी मातीच्या आवरणात युरेनियम आणि थोरियम यांचा अत्यल्प अंश होता, आणि त्यातून सुटणारा कण घड्यावर आदळला की 'एक'चे 'शून्य' होई. पुढे विश्वकिरणांमुळेही असे घडते हे सिद्ध झाले. डॉ. भाभांचे नाव ज्या विश्वकिरणांच्या अभ्यासाने जगभर झाले, ते किरण संगणकाच्या स्मृतीलाही धक्का देतात. म्हणूनच बँका आणि रुग्णालये यांच्या मोठ्या यंत्रांत चूक ओळखून सुधारणारी, थोडी महाग रॅम घालतात.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी घरगुती संगणक आले तेव्हा चकत्या बोर्डावरच्या खोबणींत एकेक करून बसवलेल्या असत. यंत्र चालू असता तापे, बंद केले की निवे. या प्रसरण-आकुंचनाने चकती खोबणीतून केसाकेसाने वर सरके, आणि एक दिवस यंत्र हटून बसे. दुरुस्ती करणारा येई, अंगठ्याने सगळ्या चकत्या दाबी, आणि यंत्र सुरू! यावर उपाय म्हणून अनेक चकत्या एकाच पट्टीवर जडवून ती पट्टी एका फटीत बसवावयाची युक्ती १९८३ मध्ये निघाली. ती काढली वांग लॅबोरेटरीज या कंपनीने. म्हणजे ज्याने १९४९ मध्ये कड्यांचा मार्ग दाखवला त्याच आन वांगच्या कंपनीने. आमच्या कचेरीतली पट्टी ही त्या पट्टीची नात म्हणा ना.

पट्टीच्याही पिढ्या झाल्या. प्रथम ३० पिनांची, मग ७२ पिनांची. ७२ पिनांची पट्टी पेन्टियम यंत्रात जोडीनेच बसवावी लागे. एकटी ठेवली तर यंत्र उठतच नसे. त्यानंतर १६८, १८४, २४० आणि २८८ पिनांच्या पट्ट्या आल्या. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ दोन्ही २४० पिनांच्याच, तरी एकीच्या जागी दुसरी जात नाही. खालच्या कडेची खाच निराळ्या ठिकाणी आहे. चुकीची पट्टी भलत्या फटीत जाऊ नये म्हणूनच ती खाच ठेवली आहे. जोर करावयाचा नसतो. जोर केला तर फट तुटते आणि मग खरोखरच बोर्ड जातो.

टिफ्रॅकच्या ८१,९२० कड्यांशी आजच्या एका ८ जीबीच्या पट्टीची तुलना केली तर ही पट्टी सुमारे ८ लाख ३८ हजार पट मोठी भरते. एवढी स्मृती आपण दोन बोटांत धरतो! आणि ती बसवावयाला कोणती पदवी लागते? कोणतीही नाही. मी ती स्वतः बसवली आहे, म्हणून रीत सांगतो.

यंत्र बंद करा, तार भिंतीतून काढा, आणि उरलीसुरली वीज जावी म्हणून चालू करावयाचे बटण काही सेकंद दाबून धरा. पट्टीला हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावा. थंडीच्या कोरड्या दिवसांत लोकरीचा स्वेटर काढताना जी ठिणगी चटका देते, तिच्याहून कितीतरी सौम्य ठिणगीही या चकत्यांचा जीव घेऊ शकते. पट्टी कडांना धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. बिजागऱ्या बसल्याचा आवाज आला म्हणजे काम झाले. खोडरबर वापरावयाचे ते मऊ आणि हलक्या हाताने. सोन्याचा थर फार पातळ असतो, घासत बसलात तर तोच जाईल. भुगा फटीत पडू देऊ नका.

दोष शोधावयाचा असेल तर आधी आवाज ऐका. पुष्कळ यंत्रे स्मृती सापडली नाही की ठरावीक आवाज करतात. मग सगळ्या पट्ट्या काढा आणि एकच बसवून पाहा. नंतर तीच दुसऱ्या फटीत, मग दुसरी पट्टी पहिल्या फटीत. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी खराब. दोष फटीतच राहिला तर फट खराब. यंत्र चालते पण मधूनच कोलमडते अशी तक्रार असेल, तर १९९४ पासून उपलब्ध असलेला 'मेमटेस्ट' नावाचा तपासणी कार्यक्रम रात्रभर चालवावा. तो प्रत्येक घड्यात लिहितो, वाचतो आणि ताडून पाहतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, हे सारे सूत्र आहे. ओझरच्या विमान कारखान्यातला फिटर आणि नाशिकरोडच्या मुद्रणालयातला यंत्रावरचा कामगार हे सूत्र अनेक पिढ्या पाळीत आले आहेत. त्यांना ते कोणी संगणकाच्या पुस्तकातून शिकवले नाही.

असो. आता जे सांगितल्यावाचून थांबता येत नाही ते सांगतो. मी सांगितलेली ही रीत आज अनेक यंत्रांना लागूच पडत नाही. पातळ लॅपटॉपांत रॅमची पट्टीच नसते. चकत्या बोर्डालाच डाक देऊन कायमच्या जडवलेल्या असतात. एक चकती बिघडली की सारा बोर्ड बदला, आणि स्मृती कमी पडली तर यंत्र बदला. जागा वाचते, वेग वाढतो, हे खरे आहे. मी कारण नसताना आरोप करणार नाही. परंतु त्यामुळे दुकानदाराचे ते वाक्य, "नवीन घ्या," हे आता खोटेही राहत नाही. ज्या मुलाने आमचे यंत्र दहा मिनिटांत उठवले, त्याच्या हाताला अशा यंत्रात कामच उरलेले नाही. फाटकावर टाळे लागले की आम्हाला ते दिसते आणि आम्ही घोषणा देतो. येथे टाळे यंत्राच्या आत लागते, म्हणून कोणाला दिसत नाही.

याविरुद्ध जगात आवाज उठला आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्याविषयी निर्देश काढला. इकडे गुजरातेत साणंद येथे मायक्रॉन कंपनीच्या स्मृती-चकत्यांची जुळणी व तपासणी करणाऱ्या कारखान्याची पायाभरणी २०२३ मध्ये झाली. म्हणजे ज्या कामाचा इतिहास मी वॉल्टहॅमपासून सांगितला, ते काम आता नाशिकपासून एका रात्रीच्या प्रवासावर आले आहे. तेथे आपलीच मुले-मुली जातील. त्यांनी केवळ एक बटण दाबावयाचे, की आपण काय बनवतो हेही त्यांना कळावयाचे? हा प्रश्न वेतनाच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे असे माझे मत आहे. मागण्यांच्या सनदेत पगारवाढीच्या कलमाखाली शिक्षणाचे आणि दुरुस्तीच्या पुस्तिकांचे कलम घातले पाहिजे. आणि शाळा, पतपेढी, ग्रामपंचायत यांनी संगणक घेताना किमतीबरोबर एवढे तरी विचारावे की याची स्मृती काढता-घालता येते का?

आमच्या केसचे कागद त्या वेळी न्यायालयात वेळेवर पोहोचले. यंत्र अद्याप चालू आहे. त्यात आम्ही आणखी एक पट्टी घातली. तो मुलगा आता नोकरीला लागला आहे, पण महिन्यातल्या पहिल्या रविवारी सकाळी तो कचेरीत येतो, एक जुने यंत्र उघडून ठेवतो, आणि ज्याला शिकावयाचे असेल त्याच्या हातात पट्टी देतो. गेल्या खेपेला आलेल्यांत दोन शिवणकाम करणाऱ्या भगिनी होत्या. पट्टी बसवताना त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका पडला. आपणांपैकी ज्यांना इच्छा असेल त्यांनी अवश्य यावे. खोडरबर आमच्याकडे आहे.